अर्धा सिएटलचा, अर्धा पोर्टलंडचा

तेलगावच्या चौकात एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला फार वेळ परकं राहता येत नाही. चहाचा कप हातात पडेपर्यंत कुणीतरी विचारतंच, ‘पाव्हणे, गाव कोणतं?’ नाव नंतर, कामधंदा त्याहून नंतर; आधी गाव. इथून माजलगाव, धारूर, बीड आणि परळी अशा चारी दिशांना रस्ते फुटतात, त्यामुळे उत्तरंही चारी दिशांची येतात. खुद्द तेलगावला हा प्रश्न विचारला, तर मात्र उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल. तालुका धारूर, विधानसभेला मतदारसंघ माजलगाव. इथल्या साखर कारखान्याला आज लोकनेते सुंदरराव सोळंके यांचं नाव आहे, पण आधी कित्येक वर्षं तो ‘माजलगाव सहकारी साखर कारखाना’ म्हणूनच ओळखला गेला. धुराडं तेलगावात, पाटीवर माजलगाव. ऊस दोन्हीकडचा येत असल्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

१९७७ साली अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात टेनिसचा एक व्यावसायिक संघ उभा राहिला. त्यालाही ‘गाव कोणतं?’ विचारलं असतं, तर दोन नावं सांगावी लागली असती. संघाचं नाव होतं सी-पोर्ट कॅस्केड्स. यातला ‘सी’ सिएटलचा आणि ‘पोर्ट’ पोर्टलंडचा. दोन तुकडे जोडले की ‘बंदर’ असा अर्थही आपसूक निघतो, आणि दोन्ही शहरं बंदरांचीच. उरलेला शब्दही तितकाच हिशेबानं निवडलेला. कॅस्केड्स ही डोंगररांग सिएटलच्या वॉशिंग्टन राज्यातून जात पोर्टलंडच्या ओरेगन राज्यात उतरते, म्हणजे डोंगरही दोघांचा. दोन भावांच्या वाटणीत विहीर सामायिक ठेवावी, तसा हा कारभार होता. फक्त या दोन भावांच्या घरांमध्ये जवळपास तीनशे किलोमीटरचं अंतर होतं. तेलगावहून पुणं गाठायला लागतं, साधारण तेवढंच.

टेनिसमध्ये मुळात ‘संघ’ आला कुठून, हे आधी बघायला हवं. डेव्हिस चषकासारखे देशादेशांचे सामने सोडले, तर टेनिसपटू एकटा खेळतो, एकटा जिंकतो आणि हरल्यावर एकटाच बॅग भरून पुढच्या शहरात जातो. सप्टेंबर १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये बिली जीन किंग या महिला टेनिसपटूनं बॉबी रिग्ज या पुरुष टेनिसपटूला हरवलं, तेव्हा स्टेडियममध्ये तीस हजारांवर माणसं होती आणि टीव्हीसमोर काही कोटी. एवढी गर्दी टेनिसला येऊ शकते, हे सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी बिली जीनचे तेव्हाचे पती लॅरी किंग, डेनिस मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वर्ल्ड टीम टेनिस’ ही लीग मैदानात आणली. पहिल्या मोसमाला १६ शहरांचे १६ संघ होते. ६ मे १९७४ रोजी फिलाडेल्फियात पहिला सामना झाला. यजमान फिलाडेल्फिया फ्रीडम्स, पाहुणे पिट्सबर्ग ट्रँगल्स. बिली जीन स्वतः फ्रीडम्सची खेळाडूही होती आणि प्रशिक्षकही. पुरुष खेळाडू असलेल्या संघाला बाईनं शिकवायचं, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

लीगनं खेळाची मांडणीच बदलून टाकली. एका सामन्यात पाच सेट: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. किती सेट जिंकले याला महत्त्व नाही. पाचही सेटमधल्या गेमची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी, तो संघ विजयी. समजा, एका संघानं ६-४, ३-६, ६-३, ४-६, ६-४ असे सेट खेळले. बेरीज झाली २५ विरुद्ध २३. आता दुसरा सेट हरलेल्या खेळाडूकडे बघा. तो हरला खरा, पण त्यानं झगडून मिळवलेले तीन गेम बेरजेत जमा आहेत. ते नसते, तर संघ २२ विरुद्ध २३ असा हरला असता. एकट्याच्या खेळात पराभवाला किंमत नसते. इथं चांगल्या पराभवाचेही पैसे वसूल होत होते. शिवाय ‘ड्यूस’ची लांबण काढून टाकलेली. दोघांचे तीन-तीन गुण झाले की पुढचा एक गुण निर्णायक. कोर्टाचे भाग रंगीबेरंगी, आणि प्रेक्षकांना आरडाओरडा करायची मोकळीक. विम्बल्डनच्या देवळातल्यासारख्या शांततेत वाढलेल्या मंडळींना ही जत्रा वाटली. पॅरिसच्या आयोजकांना तर इतका राग आला, की १९७४ साली त्यांनी या लीगशी करार केलेल्या जिमी कॉनर्स आणि इव्हॉन गुलागाँगला फ्रेंच स्पर्धेत प्रवेशच नाकारला. त्या वर्षी कॉनर्सनं उरलेल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

गर्दीची हौस वेगळी आणि धंद्याचा हिशेब वेगळा. ‘फ्रँचायझी’ म्हणजे लीगकडून विकत घेतलेला, अमुक शहराच्या नावानं संघ चालवण्याचा हक्क. संघ गावानं उभा केलेला नसतो, गावाचं नाव लावण्याची परवानगी मालकानं घेतलेली असते. खर्च ठरलेला: खेळाडूंचं मानधन, विमानप्रवास, हॉटेलं आणि बंदिस्त स्टेडियमचं भाडं. एका मोसमात ४४ सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. बावीस रात्री एकाच शहराला टेनिसच्या तिकीट खिडकीपर्यंत ओढून आणणं सोपं नव्हतं. मग मालकांनी तंबू हलवायला सुरुवात केली.

कॅस्केड्सची कुंडलीच तशी आहे. हा हक्क आधी सॅन दिएगोच्या नावावर होता. पहिला चेंडू पडायच्या आतच तो होनोलुलूला गेला आणि संघाचं नाव झालं ‘हवाई लेइज’. लेइ म्हणजे पाहुण्याच्या गळ्यात घालायचा फुलांचा हार. समुद्रात हजारो किलोमीटर आत असलेल्या त्या बेटावर प्रत्येक पाहुण्या संघाला विमानानं न्यायचं आणि आपल्या संघाला मुख्य भूमीवर आणायचं, हे गणित तीन मोसम कसंबसं चाललं. १९७७ साली संघ सिएटल-पोर्टलंडला आला. एका शहरात बावीस रात्री भरत नसतील, तर दोन शहरांत वाटून टाकाव्यात, असा विचार. सिएटलमध्ये सिएटल सेंटर कोलिझियम, पोर्टलंडमध्ये मेमोरियल कोलिझियम.

असं करणारे ते एकटे नव्हते. क्लीव्हलंड नेट्स या संघानं त्याच वर्षी आपले घरचे काही सामने पिट्सबर्गमध्ये नेले. त्या संघाकडे ब्यॉन बोर्ग होता, त्या काळचा विम्बल्डनविजेता, तरी दुसरं गाव शोधावं लागलं. डेन्व्हरच्या संघानं १९७४ चं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि पुढचा मोसम फीनिक्समध्ये काढला. म्हणजे चषक जिंकून दिला त्या गावाला संघ पुन्हा दिसलाच नाही. सगळ्यावर कडी १९७७ मध्ये झाली. पेनसिल्व्हेनियाच्या संघाच्या जागी चक्क सोव्हिएत रशियाच्या खेळाडूंचा संघ लीगमध्ये उतरला. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकी लीगमध्ये अॅलेक्स मेत्रेवेली आणि ओल्गा मोरोझोव्हा ‘घरचे’ सामने खेळत या गावातून त्या गावात फिरत होते. त्यांना गाव कोणतं विचारण्यात काहीच अर्थ नव्हता.

मोसमापुरता करार काय असतो, हे बीड जिल्ह्याला शिकवायला नको. पावसाळा सरला की मुकादम उचल देतो, टोळी ठरते, कोयते ट्रॅक्टरवर चढतात आणि चार-सहा महिने कुठल्या तरी दूरच्या कारखान्याच्या फडात संसार मांडला जातो. आगाऊ पैसे, ठरलेला मोसम, ठरलेली टोळी, मोसम संपला की करार संपला. टेनिसच्या लीगचा सांगाडा याहून फार निराळा नाही. राबणं आणि मोबदला यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते सांगायची गरज नाही. पण एक फरक मात्र उलट्या दिशेनं जातो. ऊसतोडीच्या टोळीला परतायला गाव असतं. मतदान तिथं, देवाचं कार्य तिथं, पोरांची लग्नं तिथं. सी-पोर्ट कॅस्केड्सला दोन शहरांत फड होते, परतायला एकही गाव नव्हतं.

त्यातल्या त्यात जमिनीशी नातं होतं ते टॉम गॉर्मनचं. खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी असलेला हा माणूस सिएटलचाच, तिथल्याच विद्यापीठात शिकलेला; १९७१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला. पुढं तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार झाला. संघाची मोठी खेळाडू होती नेदरलँड्सची बेटी स्टोव्ह. विम्बल्डनच्या काळात लीग थांबायची. १९७७ च्या त्या सुट्टीत स्टोव्हनं एक विलक्षण कामगिरी केली: एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी, तिन्ही अंतिम सामन्यांत ती पोहोचली आणि तिन्ही हरली. एकेरीत तिला हरवलं व्हर्जिनिया वेडनं, खुद्द राणी एलिझाबेथच्या साक्षीनं. वेड त्याच लीगमध्ये न्यूयॉर्क ॲपल्सकडून खेळत होती, आणि त्या मोसमाचं विजेतेपद न्यूयॉर्ककडेच गेलं. विम्बल्डन संपलं की या दोघी पुन्हा अमेरिकेत, आपापल्या संघाच्या कपड्यांत.

त्याच उन्हाळ्यात पोर्टलंडच्या मेमोरियल कोलिझियमनं आणखी एक गोष्ट पाहिली. ५ जून १९७७ रोजी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या बास्केटबॉल संघानं तिथं एनबीएचं विजेतेपद जिंकलं. अख्खं शहर रस्त्यावर आलं. ब्लेझर्स तेव्हा अवघे सात वर्षांचे होते, पण ती सातही वर्षं त्यांनी पोर्टलंडमध्ये काढली होती, बहुतेक वर्षं हरत. लोकांनी त्यांचे पराभव सोसले होते, म्हणून विजय लोकांचा झाला. त्याच छताखाली कॅस्केड्सचे टेनिसपटू यायचे, संध्याकाळ खेळायचे आणि निघून जायचे. पोर्टलंडकरांच्या लेखी तो सिएटलचा संघ, आणि सिएटलकरांना निम्म्या वेळेला तो घरी सापडायचा नाही.

१९७८ मध्ये ‘पोर्ट’ गळून पडलं. संघ झाला सिएटल कॅस्केड्स. जोडनाव टिकलं ते एकच मोसम. त्या वर्षाच्या अखेरीला मात्र एकेका मालकानं अंग काढून घेतलं आणि लीगच बंद पडली. १९८१ साली ती लहान रूपात परत आली, पण कॅस्केड्स परतले नाहीत.

तो शेवटचा मोसम, १९७८ चा, लॉस एंजेलिस स्ट्रिंग्जनं जिंकला. त्या संघात ख्रिस एव्हर्ट होती, इली नस्तासे होता आणि मद्रासचे दोन भाऊ होते, विजय आणि अशोक अमृतराज. विजय अमृतराजनं ही कल्पना डोक्यात ठेवली असावी, कारण ३६ वर्षांनी त्यानं भारतात ‘चॅम्पियन्स टेनिस लीग’ सुरू केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सहा शहरांचे सहा संघ उतरले आणि त्यांत महाराष्ट्राचे दोन होते, पुणे मराठाज आणि मुंबई टेनिस मास्टर्स. पुण्याच्या संघात सायप्रसचा मार्कोस बघदातिस, पोलंडची अॅग्नियेश्का रादवान्स्का, ऑस्ट्रेलियाचा माजी विम्बल्डनविजेता पॅट कॅश आणि आंध्रचा साकेत मायनेनी. पहिलं विजेतेपद पुणे मराठाजनं पटकावलं. ‘मराठा’ नावाच्या संघाला सायप्रस आणि पोलंडच्या खेळाडूंनी जिंकून दिलं, याची कुणाला मौज वाटली नाही, कारण क्रिकेटच्या आयपीएलनं तोवर सहा-सात वर्षं डोळ्यांना सवय लावली होती. खेळायला मिळालं जेमतेम दहा दिवस. दुसऱ्या वर्षी नागपूर ऑरेंजर्स आणि रायपूर रेंजर्स अशी नवी नावं आली. संत्र्यांच्या शहराला शोभेलसं नाव शोधायला कुणाला फार कष्ट पडले नसावेत. तिसरा मोसम झालाच नाही.

२०१४ च्याच हिवाळ्यात महेश भूपतीची ‘इंटरनॅशनल प्रीमियर टेनिस लीग’ आली. तिची चाल आणखी मोठी होती: शहराऐवजी देश. मार्च २०१४ मध्ये दुबईत खेळाडूंची निवड झाली, तेव्हा भारतातला संघ मुंबईच्या नावानं होता आणि त्याच्या यादीत राफाएल नदाल होता. डिसेंबर उजाडेपर्यंत नदालच्या जागी रॉजर फेडरर आला होता, मुंबईच्या जागी दिल्ली, आणि नाव झालं होतं ‘इंडियन एसेस’. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये फेडरर आणि जोकोविच समोरासमोर आले. त्या वर्षी एसेस जिंकले. नऊ महिन्यांत मुंबईच्या खात्यातून संघ वजा झाला, तरी मुंबईत कुणी हळहळल्याचं आठवत नाही. मुंबईनं तो कधी पाहिलाच नव्हता. २०१६ मध्ये भारतातला टप्पा हैदराबादला झाला आणि तिथंच लीग थांबली.

शहर बदलतं ते केवळ संघांचं नाही. पुरुष टेनिसमधली एटीपी दर्जाची भारतातली स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, १९९७ पासून दोन दशकं चेन्नईत राहिली, २०१८ मध्ये पुण्यात बालेवाडीला आली आणि २०२३ नंतर तिची जागा हाँगकाँगनं घेतली. बालेवाडीचं क्रीडासंकुल मात्र १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासून जिथल्या तिथं आहे.

दोन गावांत विभागलेल्या संघाचा सगळ्यात जवळचा दाखला मात्र टेनिसचा नाही, आणि त्यामागचं कारण सापडतं ते थेट मराठवाड्यात.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. बीड जिल्ह्यात गावोगाव टँकर आणि त्यामागं घागरींच्या रांगा. नेमकं तेव्हाच मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मैदानांवर आयपीएलचे वीस सामने ठरलेले होते, आणि खेळपट्ट्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा जनहित याचिकेच्या निमित्तानं पुढं आला. १३ एप्रिलला, म्हणजे रेल्वे लातूरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायचा आदेश दिला. पुढं १ मेच्या पुण्यातल्या एका सामन्यापुरती सवलत मिळाली, आणि क्रिकेट संघटनांची सर्वोच्च न्यायालयातली धडपड फळाला आली नाही.

पुण्याचा संघ तेव्हा नवाकोरा होता. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली म्हणून तेवढ्याच मुदतीसाठी दोन बदली संघ घेतले गेले, त्यातला एक ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’. मालक कोलकात्याचे, कर्णधार रांचीचा धोनी, नाव पुण्याचं. त्यात आता घरही बदललं. चार सामने पुण्याजवळच्या गहुंज्यात झाले आणि उरलेले तीन विशाखापट्टणला गेले. मुंबई इंडियन्सनंही तेच शहर निवडलं. परिणाम असा, की ८ मे रोजी विशाखापट्टणच्या मैदानावर मुंबई ‘घरी’ खेळली आणि १० मे रोजी त्याच मैदानावर पुणं ‘घरी’ खेळलं. स्कोअरकार्डात यजमान म्हणून पुणे आणि गॅलरीत तेलुगू घोषणा. २१ मे रोजी पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ धावा हव्या होत्या. धोनीनं त्या काढल्या. गहुंज्यात अशी संध्याकाळ आली असती, तर पुण्यानं ती वर्षानुवर्षं सांगितली असती. ती विशाखापट्टणनं पाहिली.

सी-पोर्टच्या मालकानं तिकीट खिडकी बघून संघ वाटला होता. पुण्याच्या संघाची वाटणी टँकरच्या रांगांनी केली.

पुढच्या वर्षी नावातला शेवटचा ‘स’ काढला गेला, सुपरजायंट्सचे ‘सुपरजायंट’ झाले, कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे आलं आणि सातव्या क्रमांकावरचा संघ थेट अंतिम फेरीत गेला. २१ मे २०१७, हैदराबाद. समोर मुंबई इंडियन्स. महाराष्ट्रातली दोन शहरं तेलंगणात भिडलेली. मुंबईच्या १२९ धावा झाल्या. पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर चार. चेंडू मारला गेला, दोन धावा पळून झाल्या, तिसरीसाठी फलंदाज निघाले आणि एक गडी धावचीत झाला. धावसंख्या १२८. चेन्नई आणि राजस्थानची बंदी त्या मोसमाबरोबर संपत होती, त्यामुळे तो चेंडू सामन्याचा शेवटचा होता आणि संघाचाही.